१७८ ओळी की १९०? परत परत होणाऱ्या आजाराच्या डेटाचं एक प्रकरण

तीन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले होते आणि तिन्हींवर औषधाच्या ओळीत वेगळंच उत्तर होतं. डेटा एकच, प्रश्न एकच, तिघांनीही कॉक्स मॉडेलच (घटना घडायला लागणाऱ्या वेळेवरून गटांची तुलना करणारं) चालवलेलं, तरी एकाचा पी (परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसायची शक्यता) ०.०२, दुसरीचा ०.१ च्या आसपास, आणि तिसऱ्याचा हॅझर्ड रेशो (दोन गटांतल्या जोखमीचं गुणोत्तर, १ म्हणजे फरक नाही) या दोघांपेक्षा १ च्या जास्त जवळ. एकाही सॉफ्टवेअरने लाल अक्षरात काही दाखवलं नव्हतं. तिघंही हुशार, तिघांनीही मॅन्युअल वाचलेलं, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी पार्श्वभूमी सांगते. हार्ट फेल्युअरच्या पेशंटांचा एक अभ्यास आमच्याकडे येणार होता, त्यात एकच पेशंट वर्षभरात दोनदा, तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा अ‍ॅडमिट होतो. डॉक्टरांचा प्रश्न साधा होता, "या उपचाराने अ‍ॅडमिशन कमी होतात का?" अशा वेळी जुनी सवय म्हणजे फक्त पहिली अ‍ॅडमिशन घ्यायची, कपलान-मायर (वेळेनुसार किती जण घटनेशिवाय राहिले त्याचा आलेख) काढायचा, झालं. पण ज्या पेशंटला चार वेळा भरती व्हावं लागलं त्याच्या तीन वेळा आपण फेकून देतो, आणि पेशंटसाठी त्रास तर त्या चारही वेळांचा असतो ना. म्हणून सगळ्या अ‍ॅडमिशन मोजायच्या ठरलं. अ‍ॅनालिसिस प्लॅन लिहायच्या आधी मी टीममधल्या तिघांना म्हटलं, आपला डेटा यायला वेळ आहे, तोवर एका जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या डेटावर हात साफ करून घ्या, प्रत्येकाने आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये करा, उत्तर जुळलं की पुढे जाऊ.

तो डेटा म्हणजे मूत्राशयाच्या गाठींचा, आर या सॉफ्टवेअरच्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये ब्लॅडर नावाने असतो तो. अमेरिकेतल्या व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या युरॉलॉजी गटाने केलेली ट्रायल. मूत्राशयात वरवरच्या गाठी असलेले पेशंट घेतले, असलेल्या गाठी काढून टाकल्या आणि मग तीन गटांत वाटले, ४८ प्लासिबोवर (औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं), ३२ पायरिडॉक्सिनवर, ३८ थायोटेपावर. मग पुढच्या प्रत्येक व्हिजिटला नव्या गाठी दिसल्या तर नोंदवायच्या आणि काढायच्या. एकेका पेशंटला नऊ-नऊ वेळा गाठी परत आल्यात. पण पेपरांमध्ये आणि पुस्तकांमध्ये जो तुकडा फिरतो तो छोटा आहे, फक्त प्लासिबो आणि थायोटेपा, फॉलो-अप (पेशंटवर लक्ष ठेवलेला काळ) शून्य असलेला एक पेशंट वगळून ८५ जण, आणि प्रत्येकाच्या जास्तीत जास्त पहिल्या चारच पुनरावृत्ती. हे "पहिल्या चारच" नीट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण शेवटी तिथेच येऊन थांबतं.

डेटा दिसतो कसा ते सांगते, कारण ज्यांनी फक्त एका पेशंटला एक ओळ असा डेटा बघितलाय त्यांना इथेच अडखळायला होतं. पाच नंबरचा पेशंट घ्या. त्याला सहाव्या महिन्यात गाठ परत आली आणि दहाव्या महिन्यापर्यंत तो फॉलो-अपमध्ये होता. त्याच्या दोन ओळी होतात, ० ते ६ घटना १, मग ६ ते १० घटना ०. नऊ नंबरचा पेशंट, १२ व्या आणि १६ व्या महिन्यात गाठी, फॉलो-अप १८ पर्यंत, त्याच्या तीन ओळी. बारा नंबरवाल्याला ३, १६ आणि २३ महिन्यांना गाठी आल्या आणि फॉलो-अपही २३ लाच संपला, म्हणून त्याची शेवटची ओळ घटनेचीच, त्यापुढे ० वाली ओळ नाही. स्टार्टचा क्षण ओळीत धरत नाहीत, स्टॉपचा धरतात. स्टार्ट आणि स्टॉप सारखे झाले तर आर एक वॉर्निंग देऊन ती ओळ रिकामी करून टाकतं, आणि वॉर्निंग वाचायची सवय नसेल तर पेशंट गायब झालेला कळतही नाही.

एकूण ओळी १७८. घटना ११२, म्हणजे ४७ जणांना पहिली, २९ जणांना दुसरी, २२ जणांना तिसरी आणि १४ जणांना चौथी.

आता पहिला लॅपटॉप. आर, ब्लॅडर२ नावाची तयार फाइल, कॉक्स-पीएचमध्ये स्टार्ट, स्टॉप, इव्हेंट, आणि सोबत औषध, सुरुवातीच्या गाठींची संख्या आणि आकार. ओळी १७८, घटना ११२, दोन्ही बरोबर. हॅझर्ड रेशो ०.६३, स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप, रेशोच्या लॉगवर) ०.२००, पी ०.०२. त्याने खुश होऊन सांगितलं, "मॅडम, थायोटेपा काम करतं." मी आउटपुट बघितलं आणि विचारलं, क्लस्टर (कुठल्या ओळी एकाच पेशंटच्या हे सांगायची सूचना) कुठंय? तो म्हणाला, "अँडरसन-गिलच चालवलंय की, त्यात स्टार्ट-स्टॉप असलं की झालं ना?"

नाही झालं. अँडरसन-गिल म्हणजे परत परत होणाऱ्या घटनांसाठी वाढवलेलं कॉक्स मॉडेल, १९८२ चं, त्याच्या मूळ गृहीतकात असं येतं की मॉडेलमधल्या गोष्टी सारख्या असल्या तर आधी किती वेळा गाठ आली याने पुढची गाठ येण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही. आता हे प्रत्यक्षात कुठल्या आजारात खरं असतं? काही जणांना मुळातच परत परत होतं, काहींना कधीच होत नाही, आणि त्यामागची कारणं आपल्या डेटात नसतात. एकाच माणसाच्या चार घटना म्हणजे चार वेगळ्या माणसांची माहिती नव्हे, पण साधा स्टँडर्ड एरर ती तशी मोजतो, त्यामुळे आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त पुरावा आहे असं दिसतं. त्याने क्लस्टरमध्ये आयडी घातला, बाकी काही हलवलं नाही. हॅझर्ड रेशो तोच, ०.६३. रोबस्ट स्टँडर्ड एरर (एकाच पेशंटच्या ओळी स्वतंत्र न धरणारा) मात्र ०.२६६, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त. कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा रेशो ज्या पट्ट्यात असावा तो) आधी ०.४३ ते ०.९३ होता तो ०.३७ ते १.०६ झाला, पी ०.०२ चा ०.०८. एक शब्द टाइप केल्याने निष्कर्षाची भाषाच बदलली. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला होता, आणि मला ते आवडलं, कारण हे एकदा स्वतःच्या हाताने घडलं की माणूस परत विसरत नाही.

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हा शब्द वेगळ्या जागी असतो, तेही इथेच सांगून टाकते. आरच्या नव्या व्हर्जनमध्ये आयडी वेगळा सांगितला आणि एखाद्या आयडीला एकाहून जास्त घटना असल्या तर ते आपणहून रोबस्ट करतं, पण आयडी सांगितलाच नाही तर त्याला बिचाऱ्याला कळणार कसं. स्टाटात आधी आयडी सेट केलेला असला तर पुढे रोबस्ट म्हटलं की ते त्या आयडीवरच क्लस्टर करतं. सॅसमध्ये पीएचरेगला (कॉक्सची आज्ञा) कोव्हएस सांगून भागत नाही, त्याच्या पुढे अ‍ॅग्रिगेट लिहायचं आणि आयडीची ओळ द्यायची, नुसतं कोव्हएस लिहिलं तर ते प्रत्येक ओळ हीच स्वतंत्र माणूस धरून सँडविच (रोबस्टचंच दुसरं नाव) करतं, आउटपुटवर रोबस्ट वगैरे सगळं छापून येतं आणि आपण निवांत राहतो.

दुसरा लॅपटॉप, स्टाटा. हिच्या आउटपुटमध्ये मला आधी घटना दिसल्या, ४७. मी म्हटलं, ११२ पाहिजेत. ती म्हणाली, "मी तर पूर्ण फाइल दिली मॅडम, १७८ ओळी आहेत, बघा ना." फाइल खरंच पूर्ण होती. पण स्टाटाचं असं आहे की एसटीसेट (वेळ आणि घटना कुठल्या हे सांगायची आज्ञा) करताना वेगळं काही सांगितलं नाही तर पहिली घटना झाली की पेशंट अभ्यासातून बाहेर पडला असं ते धरतं, कारण बहुतेक लोक मृत्यूच मोजत असतात आणि मृत्यू एकदाच होतो. पहिल्या घटनेनंतर सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी ते बाजूला काढतं. १७८ मधून ८५ गेल्या की ९३ उरतात, आणि तिच्या एसटीसेटच्या आउटपुटमध्ये बरोबर हाच आकडा होता, इतक्या ओळी पहिल्या घटनेनंतर सुरू होतात असं स्टाटाने सरळ लिहिलेलं होतं. म्हणजे सांगितलं नव्हतं असं नाही, फक्त ते इतक्या शांतपणे सांगितलं होतं की ती स्क्रोल करून थेट मॉडेलपर्यंत गेली. एक्झिटमध्ये टाइम आणि डॉट लिहिलं की घटनेनंतरही पेशंट आत राहतो, तेवढं केलं आणि ११२ घटना परत आल्या.

पण तिचं आधीचं उत्तर, हॅझर्ड रेशो ०.६ च्या आसपास आणि पी ०.१ च्या आसपास, हे चूक म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. ते "पहिली गाठ परत यायला किती वेळ लागतो" या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. पहिल्या घटनेच्या विश्लेषणात एक मोठी ताकद असते, दोन्ही गट रँडमायझेशनच्या (चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटण्याच्या) क्षणापासून तुलना करण्यासारखे असतात. बिघडलं इतकंच की तिने विचारला एक प्रश्न आणि उत्तर आलं दुसऱ्याचं, आणि दोन्ही आकडे इतके जवळ की नुसता हॅझर्ड रेशो बघून कुणालाही शंका आली नसती. म्हणून मी आता कुठल्याही आउटपुटमध्ये कोइफिशियंटच्या आधी तीन आकडे बघते, माणसं किती, ओळी किती, घटना किती, आणि हे तीन मूळ फाइलमधून हाताने मोजलेल्याशी जुळले नाहीत तर खाली वाचतच नाही.

आणि मग तिसरा लॅपटॉप. याने सॅसमध्ये केलं होतं आणि मला सगळ्यात जास्त वेळ याच्यावर लागला, कारण त्याचं सगळं बरोबर दिसत होतं. पेशंट ८५. घटना ११२. अ‍ॅग्रिगेट लिहिलेलं. सेन्सॉरचा (घटना न होताच फॉलो-अप संपला याचा) कोड नीट ०. तरी आरच्या दुरुस्त केलेल्या उत्तराशी जुळेना, त्याचा रेशो १ च्या दिशेला सरकलेला. आधी वाटलं टाय. या डेटात वेळ महिन्यांत आहे, पूर्ण आकड्यांत, त्यामुळे एकाच महिन्यात कित्येक घटना येतात, आणि अशा टाय सोडवायला आर डिफॉल्ट एफ्रॉनची पद्धत वापरतं तर सॅस आणि स्टाटा ब्रेस्लोची. याने छोटा फरक पडतोच, मी त्याला म्हटलं एफ्रॉन सांगून बघ. केलं, थोडं सरकलं पण जुळलं नाही. मग ओळी मोजल्या. १९०.

बारा ओळी जास्त. घटना तेवढ्याच, माणसं तेवढीच, म्हणजे जास्तीच्या बाराही ओळी शून्य घटनेच्या. या आल्या कुठून?

त्याने तयार फाइल न घेता आडव्या फाइलमधून स्वतः ओळी पाडल्या होत्या, आणि ते कौतुकाचंच आहे, प्रत्यक्ष कामात डेटा आडवाच येतो, एका पेशंटची एक ओळ आणि पुढे पहिली तारीख, दुसरी तारीख, तिसरी, चौथी, शेवटी फॉलो-अप संपल्याची तारीख. त्याचं लॉजिक असं होतं, एका घटनेपासून पुढच्या घटनेपर्यंत एक ओळ, आणि शेवटच्या घटनेनंतर फॉलो-अप उरला असेल तर आणखी एक ओळ, घटना ०. ऐकायला चोख आहे. तीन घटनांपर्यंतच्या पेशंटांसाठी ते बरोबरच आहे. चौदा नंबरच्या पेशंटला ७, १०, १६ आणि २४ महिन्यांना गाठी आल्या आणि फॉलो-अप २४ लाच संपला, त्याच्यासाठीही बरोबर, जास्तीची ओळ बनत नाही. पण चार घटना झालेल्या १४ जणांपैकी १२ जण चौथ्या घटनेनंतरही फॉलो-अपमध्ये होते. त्यांच्यासाठी त्याच्या प्रोग्रॅमने पाचवी ओळ बनवली, चौथ्या घटनेपासून फॉलो-अप संपेपर्यंत, घटना ०.

तो म्हणाला, "पण मॅडम ते पेशंट खरंच होते ना त्या काळात, तपासणीला येत होते. मग ती वेळ का सोडायची?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मला उत्तर द्यायला थांबावं लागलं. पेशंट होते, येत होते, कदाचित त्यांना पाचवी-सहावी गाठही आली. पण या फाइलमध्ये पाचवी गाठ लिहायला जागाच नाहीये. फाइल बनवतानाच चारच्या पुढच्या घटना कापल्या आहेत. म्हणजे त्या काळात या बारा जणांना काहीही झालं असतं तरी आपल्याला ० च दिसलं असतं. अशी वेळ मॉडेलमध्ये घालणं म्हणजे ज्याला घटना होऊच शकत नाही अशा माणसाला जोखमीत असलेल्यांच्या रांगेत उभं करणं. आणि हे बारा कोण? सगळ्यात जास्त वेळा गाठ आलेले. ज्या गटात असे जास्त तो गट या फुकटच्या शून्यांमुळे आहे त्यापेक्षा बरा दिसायला लागतो, दोन्ही गटांतला फरक पुसट होतो.

आता यातली खरी गोम. हीच बाराच्या बारा माणसं, हाच काळ, पण फाइल ब्लॅडर१ घेतली, जिच्यात तिन्ही गटांचे ११८ पेशंट आणि सगळ्या पुनरावृत्ती आहेत, तर चौथ्या घटनेनंतरची वेळ मॉडेलमध्ये घ्यायलाच हवी, सोडली तर चूक! एकच ओळ एका फाइलमध्ये चुकीची आणि दुसरीत बरोबर. पेशंट हजर होता का, एवढं विचारून पुरत नाही. त्या काळात घटना झाली असती तर ती माझ्या डेटात आली असती का, हे विचारायचं. हो असेल तर तो जोखमीत, नाही असेल तर नाही. सर्व्हायव्हल पॅकेजच्या मदतीच्या पानावर हा घोळ लिहून ठेवलाय, की ही फाइल अँडरसन-गिलच्या मांडणीत आणताना प्रोग्रॅममध्ये एक बऱ्यापैकी नेहमीची चूक होते आणि १२ जणांना जास्तीचा फॉलो-अप मिळतो. म्हणजे आमच्या टीममधला तो मुलगा काही जगावेगळं चुकला नव्हता, १९० ओळींची मांडणी छापील उदाहरणांतही सापडते.

मला जास्त काळजी वाटली ती अशी, की सॉफ्टवेअर ही चूक पकडू शकत नाही, कितीही चांगलं असो. आरमध्ये सर्व्हचेक आहे, ते एकाच पेशंटच्या ओळी एकमेकींवर चढल्यात का, मधे भोक पडलंय का, ते सांगतं आणि खूप कामाचं आहे. टी-मर्ज आहे, त्याने ओळी पाडल्या तर किती घटना फॉलो-अपच्या आधी पडल्या, किती नंतर, किती मधे, किती सीमेवर याचा तक्ता मिळतो, आणि मी आता हाताने लूप लिहू देत नाही, टी-मर्जच वापरायला लावते. पण १९० ओळींची फाइल या दोन्हींतून स्वच्छ निघते, कारण तिच्यात ओळींची काहीच गडबड नाहीये. गडबड त्या ओळींच्या अर्थात आहे आणि तो अर्थ डेटा कसा गोळा झाला त्यात लपलेला असतो.

तिन्ही उत्तरं एकदा जुळली तेव्हा मग मॉडेल कुठलं या चर्चेला अर्थ आला. प्रेन्टिस-विल्यम्स-पीटरसनची पद्धत १९८१ ची, त्यात दुसरी गाठ येण्याच्या जोखमीत फक्त पहिली येऊन गेलेलेच धरतात, घटनाक्रमाच्या नंबरवर स्ट्रॅटा. आमच्या फाइलमध्ये त्याने चार थर पडतात, ८५, ४६, २७ आणि २० ओळींचे. थायोटेपाचा रेशो यात ०.७२ च्या आसपास येतो, म्हणजे परिणाम लहान दिसतो, आणि कारण उघड आहे, दुसऱ्या थरात पोचलेले थायोटेपावाले आणि प्लासिबोवाले हे आता रँडमाइज केलेले गट राहिले नाहीत, औषध असूनही ज्यांना गाठ आली असे लोक विरुद्ध औषध नसताना आली असे लोक अशी ती तुलना होते. एकदा झालं की पुढचं लवकर होतं का, हे समजून घ्यायला ही पद्धत मला आवडते, उपचाराचा एकूण परिणाम सांगायला नाही. वेई-लिन-वाइसफेल्डची १९८९ ची पद्धत उलट टोकाला जाते, प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवसापासून चारही घटनांच्या जोखमीत धरते, म्हणून तिची फाइल ८५ गुणिले ४ म्हणजे ३४० ओळींची, आणि रेशो ०.५६ च्या जवळ. नुसत्या ब्लॅडर नावाने जी फाइल आहे ती हीच. स्ट्रॅटा आणि क्लस्टर दोन्ही विसरून कुणी ती सरळ कॉक्समध्ये घातली तर प्रत्येक माणूस एकाच रांगेत चार वेळा उभा राहतो आणि आउटपुट मात्र देखणं येतं. दुसरी गाठ यायच्या आधी माणूस तिसरीच्या जोखमीत कसा, हे मला डॉक्टरांना समजावता आलेलं नाही, त्यामुळे मी ती मुख्य पद्धत म्हणून घेत नाही.

आम्ही ठरवलं ते असं, मुख्य विश्लेषण अँडरसन-गिलच्या मांडणीत पण रोबस्ट स्टँडर्ड एररसह, ज्याला लिन, वेई, यांग आणि यिंग यांच्या २००० च्या कामामुळे अर्थ मिळाला, की आपण इथे दोन गटांतल्या घटनांच्या सरासरी दराचं गुणोत्तर मोजतोय आणि एका माणसाच्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र असायची गरज नाही. हार्ट फेल्युअरच्या क्षेत्रात हे आता सरावाचं झालंय, पॅरागॉन-एचएफ ट्रायल २०१९ मध्ये आली तिचं मुख्य उत्तर याच पद्धतीने काढलेलं, साधारण ४८०० पेशंट, एका बाजूला ८९४ घटना आणि दुसऱ्या बाजूला १००९, रेट रेशो ०.८७ आणि इंटर्व्हल ०.७५ ते १.०१. आणि मॉडेलच्याही आधी एक चित्र काढायचं ठरलं, वेळेनुसार दर माणशी सरासरी किती घटना झाल्या त्याचा जिना. आरमध्ये सर्व्हफिटला आयडी देऊन क्युम्युलेटिव्ह हॅझर्ड काढला की हेच मिळतं. डॉक्टरांना हॅझर्ड रेशोपेक्षा हे चित्र पटकन कळतं, "वर्षाच्या शेवटी या गटात दर शंभर पेशंटांमागे इतक्या अ‍ॅडमिशन आणि त्या गटात इतक्या" असं बोटाने दाखवता येतं.

मृत्यूचा विषय मी मुद्दाम शेवटी काढला. ब्लॅडर आणि ब्लॅडर२ मध्ये मेलेला पेशंटही ० च, नुसता सेन्सॉर. ब्लॅडर१ मध्ये मात्र २ म्हणजे मूत्राशयाच्या आजाराने मृत्यू आणि ३ म्हणजे दुसऱ्या किंवा अज्ञात कारणाने. हार्ट फेल्युअरमध्ये तर मृत्यू बाजूला ठेवताच येत नाही. समजा एखाद्या उपचाराने आजारी पेशंट लवकर दगावले, तर त्यांच्या पुढच्या अ‍ॅडमिशन होणारच नाहीत आणि एकूण अ‍ॅडमिशन कमी दिसतील, असा उपचार चांगला म्हणायचा का? मेलेल्याला सेन्सॉर केलं की आपण जिवंत असलेल्यांमधला दर मोजतो. गोश आणि लिन यांची २००० ची पद्धत मृत्यूनंतर माणसाची पुढची संख्या वाढत नाही असं धरून सगळ्यांची सरासरी काढते, आरच्या मेट्स पॅकेजमध्ये ती करता येते. आणि मृत्यू आणि पुनरावृत्ती दोन्ही एकत्र मॉडेल करायच्या असतील तर फ्रेल्टीपॅक आहे, त्यात दोन्हींना जोडणारा पेशंटचा स्वतःचा कल मॉडेलमध्ये येतो, पण त्याचे आकडे एका माणसाच्या पातळीवर वाचायचे असतात आणि गृहीतकं जास्त लागतात. आम्ही गोश-लिनचं चित्र सोबत द्यायचं आणि मृत्यू वेगळा पण त्याच पानावर दाखवायचा असं लिहिलं. यावर टीममध्ये वाद झाला, मृत्यू आणि अ‍ॅडमिशन मिळून एकच एंडपॉइंट (मोजायची मुख्य गोष्ट) करा असंही मत होतं, मला स्वतःला एक मृत्यू आणि एक अ‍ॅडमिशन सारखं मोजणं पटत नाही.

प्लॅन लिहून झाला. मग तो तिसरा, सॅसवाला मुलगा दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "मॅडम, आपल्या फॉर्ममध्ये अ‍ॅडमिशनचे रकाने किती आहेत बघितलंत का?"

पाच होते. फॉर्म आधीच छापलेला, पेशंट घ्यायला सुरुवातही झालेली. पाचवेळा अ‍ॅडमिट झालेला पेशंट सहाव्यांदा आला तर लिहायचं कुठे, हे कुणी ठरवलंच नव्हतं. म्हणजे तोच घोळ, फक्त चारच्या जागी पाच, आणि या वेळी उघडून बघायला दुसरी पूर्ण फाइल कुठेच नाही. आम्ही कोऑर्डिनेटर ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, सहाव्यांदा आला तर मी खाली रिमार्कमध्ये तारीख लिहून ठेवते, पण डेटा एन्ट्रीवाले रिमार्क टाइप करत नाहीत." दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी सांगितलं की त्या काहीच लिहीत नव्हत्या, रकाने भरले की झालं असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांची त्यात काही चूक नव्हती, फॉर्मच तसं सांगत होता.

त्याच फोनमध्ये आणखी एक गोष्ट निघाली, डिस्चार्जची तारीख ऐच्छिक ठेवली होती. पेशंट बेडवर असताना नव्याने अ‍ॅडमिट होऊ शकत नाही, त्यामुळे त्याची पुढची ओळ डिस्चार्जपासून सुरू व्हायला हवी, अ‍ॅडमिशनच्या तारखेपासून नव्हे. तीन-तीन आठवडे भरती असलेल्या पेशंटांच्या बाबतीत ही वेळ मिळून बरीच होते.

फॉर्मला जोडपान काढलं, हव्या तितक्या अ‍ॅडमिशन लिहिता येतील असं. डिस्चार्जची तारीख सक्तीची केली. आधी भरलेल्या फॉर्मांपैकी ज्यांचे पाचही रकाने भरले होते ते वेगळे काढले, रिमार्क असलेल्यांच्या तारखा हाताने भरून घेतल्या, बाकीच्यांच्या हॉस्पिटलच्या नोंदी काढायला सांगितल्या. आणि प्लॅनमध्ये एक वाक्य घातलं, की ज्यांच्या नोंदी मिळणार नाहीत त्यांचा फॉलो-अप पाचव्या अ‍ॅडमिशनच्या तारखेलाच थांबवायचा, पुढची ओळ बनवायची नाही. ते वाक्य मी त्या मुलालाच लिहायला लावलं.